घर एकच

ऑफिसात त्याला सगळे नकाशेबुवा म्हणत. फोनवरचा नकाशा शाळकरी पोरालाही सहज वापरता आला पाहिजे, हा त्याचा हट्ट. जास्तीचं बटण दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. नकाशात घराची खूण दोन जागांवर लावता यावी, असं टीममधली एक मुलगी म्हणाली.

"सर, काहींची घरं दोन असतात."

त्याने ते हसण्यावारी नेलं. "घर म्हणजे काय चपला आहेत, जोडीने घ्यायला? घर एकच. बाकी जागांसाठी 'इतर' आहे की. उगाच गोंधळ नको."

नकाशा लोकांच्या पसंतीला उतरला. त्यानंतर वर्षभरात त्याचा घटस्फोट झाला. कोर्टाने ठरवून दिलेल्या पहिल्या शनिवारी आठवीतली लेक त्याच्या भाड्याच्या खोलीवर एकटीच आली. त्याने पलंगावर नवी चादर घातली होती, तिच्यासाठी भिंतीवर आरसा लावून ठेवला होता.

"यायला त्रास नाही ना झाला?"

"छे. तुझाच नकाशा लावला होता." तिने फोन पुढे केला. आईकडे ती राहायची, तिथे लाल छपराची खूण होती. ती त्यानेच काढलेली. या खोलीवर नुसता करडा ठिपका होता.

"मी दोन्हीकडे घर लावत होते, बाबा. पण तो एकच घेतो. मग तुला 'इतर'मध्ये टाकलं. चालेल ना?"

आरशाकडे पाठ करत तो म्हणाला, "चालेल की. उगाच गोंधळ नको."