उतरत्या उन्हातलं सोनं

“गडद पिवळं असेल तरच हात घाल,” मोटरसायकल हळू करत थोरला म्हणाला. “ते मऊ. झटक्यात तुटतं, गळ्याला खरचटतसुद्धा नाही. फिकट दिसलं तर सोड. त्यात भेसळ फार, चिवट असतं.”

मागे बसलेल्या धाकट्यानं समोर पाहिलं. पिशवी घेऊन एक बाई चालली होती. गळ्यात जाड साखळी, हळदीसारखी पिवळीधमक. पण दिवस कलला होता. त्या उन्हात भिंती पिवळ्या होत्या, रस्त्यावरची कुत्रीही पिवळी होती.

त्यानं साखळी धरली, सवयीनं मुठीला पीळ दिला.

साखळी तुटली नाही.

बाई फरफटत गेली. मग धाकटाही खेचला जाऊन तिच्याशेजारी आपटला. थोरल्यानं एकदा वळून पाहिलं आणि गाडी पिटाळली.

कड्या त्याच्या बोटांत रुतल्या होत्या, तिच्या मानेत रुतल्या होत्या. दोघांचं रक्त एकाच साखळीवरून ओघळत होतं.

“हात सोड, मेल्या!”

“सुटत नाही, मावशी. बोटं अडकलीत.”

तोवर माणसं धावली. पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली. “काय रे, सोनं पाहिजे होतं ना? घे! अजून घे!” कुणीतरी सळई आणली. दोघांनी त्याचे पाय धरून ओढलं, तशी बाई किंचाळली. साखळी तिच्या गळ्यात आणखी आत गेली.

“ओढू नका रे! गळा चिरतोय माझा!”

तिनं दोन्ही हातांनी त्याला स्वतःकडे घट्ट ओढून धरलं. माणसं थबकली. उगारलेली सळई तशीच वर राहिली.

कोपऱ्यावरचा सोनार पत्रा कापायची कातरी घेऊन धावत आला, गुडघ्यांवर बसला. एक कडी चिमटीत धरून त्यानं रक्त पुसलं. “चौदा कॅरेट. म्हणून टिकली. बावीसची असती तर केव्हाच तुटली असती.”

“कापा लवकर,” सळईवाला म्हणाला. “मग हा आमचा.”

बाईच्या कानाशी धाकट्याचा फुटका ओठ हलला. “नका कापू देऊ, मावशी.”

“मान जरा वर करा, बाई,” सोनार म्हणाला.

तिनं मान वर केली नाही.