कानातला ‘ओ’

म्हाताऱ्या वेल्डननं कोर्टात एवढंच सांगायचं होतं, की शहरातल्या डॉक्टरांनी कर वाचवायला घेतलेली लाखमोलाची चाळीस वासरं ओक्लाहोमाच्या कुरणात खरोखर चरताहेत. चाकरी ती वासरं विकणाऱ्या कळपाच्या मालकाची, डोक्यावरचं छप्परही त्याचंच. मालकाच्या वकिलानं नोंदणीचे कागद पुढे केले. “वेल्डनकाका, वासरांच्या कानात दर सालाचं एक अक्षर गोंदतात. इथला ‘ओ’ ब्याऐंशी सालच्या वासरांचाच ना?” वेल्डननं कागद निरखला आणि खिशातून गोंदणाच्या ठशांचा पत्र्याचा डबा काढून न्यायाधीशांपुढे उघडला. “यात ‘ओ’ सापडतो का बघा, साहेब. शून्यासारखा दिसतो म्हणून आम्ही गुराखी तो गोंदतच नाही. ‘एन’च्या सालानंतर थेट ‘पी’चं. हे लिहिणाऱ्यानं वासराचा कान कधी धरलेला नाही.” मालक ताडकन उठला. “खाल्ल्या मिठाला जाग, म्हाताऱ्या!” “जागतोय की, मालक! आजवर तुमच्या मिठाच्या विटा कुरणात मीच मांडल्या. चाटायला ही चाळीस वासरं कधी आलीच नाहीत.”