उतारा न वाचता

“हं, वाच पहिला प्रश्न,” आई म्हणाली आणि टेबलाला कोपर टेकवून सरसावून बसली. उताऱ्याच्या कागदाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. उतारा स्पॅनिशमध्ये होता, आणि आईला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं.

तेच तर हवं होतं. लेक स्पॅनिश शिकवायची. मधल्या पातळीच्या वर्गातल्या मुलांना वाचलेलं कितपत समजतं, हे तपासायचा पेपर काढला की त्याची पहिली परीक्षा आईपुढे व्हायची. उतारा स्पॅनिशमध्ये, प्रश्न आणि पर्याय आपल्या भाषेत. उतारा न वाचताच आईने बरोबर उत्तर दिलं की तो प्रश्न बाद. नुसत्या अंदाजाने सुटणारा प्रश्न वाचन काय डोंबल तपासणार! आईने आजवर इतके प्रश्न गारद केले होते की लेकीच्या बरोबरचे शिक्षक तिला ‘चाळणी’ म्हणायचे. आईला त्याचा कोण अभिमान!

आज मात्र लेकीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाने तिला शिकवायला बोलावलं होतं. उद्या हो की नाही ते कळवायचं होतं, आणि आईला तिने अजून सांगितलंच नव्हतं. घरात दोघीच. कुठल्या तोंडाने सांगायचं? रोज जेवताना शब्द ओठांवर यायचे आणि घासाबरोबर परत पोटात जायचे. उतारा मात्र तिने एका बैठकीत लिहून टाकला होता. एका सुताराचा मुलगा, त्याला परगावी मिळालेलं काम, आणि मागे एकटे राहणार असलेले वडील.

“मुलगा घरी येतो तेव्हा वडिलांशी कशाबद्दल बोलतो?” लेकीने वाचलं. “अ, नव्या कामाबद्दल. ब, वडिलांच्या तब्येतीबद्दल. क, घरभाड्याबद्दल. ड, हवेबद्दल.”

“हवेबद्दल.”

“अगं, जरा विचार तर कर!”

“त्यात विचार कसला करायचा? खरं बोलायचं नसलं की माणूस हवापाण्यावर येतो. बरोबर आहे ना?”

बरोबर होतं. लेकीने प्रश्नावर काट मारली.

“वडिलांना पहिली शंका कशावरून येते? अ, शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून. ब, मुलाच्या नव्या कपड्यांवरून. क, घरातल्या दुरुस्त्यांवरून...”

“झालं, थांब. दुरुस्त्यांवरून.” आई आता रंगात आली होती. “वर्षानुवर्षं गळक्या नळाकडे ढुंकून न बघणारा माणूस एका आठवड्यात नळ, कडी, खिडकी, सगळं नीट करायला लागला तर बापाला कळणार नाही होय? बाप आहे तो, दगड नाही.”

लेकीने याही प्रश्नावर काट मारली. गेल्याच आठवड्यात तिने प्लंबरला बोलावून घेतलं होतं. न्हाणीघराच्या दाराला नवी कडी बसवली होती. स्वयंपाकघरातला बल्ब तर चांगला जळत असताना बदलला होता. उताऱ्यात आईच्या जागी वडील घातले, लेकीच्या जागी मुलगा घातला, म्हणजे आपण सगळं झाकलं, असं वाटत होतं तिला. कसलं झाकलंय, कपाळ!

पुढचे प्रश्न धडाधड पडत गेले. मुलगा शेजारणीला काय सांगून ठेवतो? वडिलांकडे अधूनमधून बघत जा म्हणून. बॅग कुठे ठेवतो? मित्राच्या घरी. पर्याय वाचून होण्याआधीच आईचं उत्तर तयार असायचं. लेक मान खाली घालून काट मारत राहिली.

“पेपर पार झोपला गं तुझा,” आई म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही.

शेवटचा प्रश्न राहिला. लेकीचा आवाज बारीक झाला.

“अखेर मुलगा सगळं सांगून टाकतो. त्यावर वडील काय म्हणतात? अ, मला आधी का नाही विचारलंस? ब, जाऊ नकोस. क, आता माझं कसं होणार? ड, गाडी किती वाजताची आहे?”

या वेळी आईने वेळ घेतला. खिडकीबाहेर बघत बसली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

“ड,” आई म्हणाली.

“चुकलं.” लेकीने पर्यायावर पेन्सिल टेकवली. “क आहे. आता माझं कसं होणार.”

“असं म्हणतो तो?”

“हो. उताऱ्यात तसंच आहे.”

“आणि उतारा लिहिला कुणी?”

“मी.”

“लिहिण्याआधी बापाला विचारलं होतंस?”

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायचंही आता तिला सुचेना. समोरच्या कागदावर सगळ्या प्रश्नांवर काट मारलेली होती. शेवटचा तेवढा शाबूत होता. आईला तो आला नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे पेपरात तो एकटाच राहणार होता.

“हा ठेवणार ना आता?” आईने विचारलं.

“ठेवावा लागेल. हाच एक चुकला तुझा.”

“ठेव की. खुशाल ठेव.” आईने पेन्सिल उचलून परत तिच्या हातात दिली. “त्याचं उत्तर तेवढं दुरुस्त कर.”