विहिरीची मोटार

मोटार पुन्हा बंद पडली आणि पाठोपाठ राजनंदिनी तलावाच्या पाण्यातून वर आली. धापा टाकत होती, पण तोंडभर हसू. काठाला येऊन तिने आईपुढे उजवा तळहात धरला. त्यावर लालभडक गोल वळ उठला होता.

"आज तिनं लई घट्ट धरला हुता," ती म्हणाली. "मग सोडला."

सत्यशीलेने पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि घरात नेलं. कोणी धरला, हे तिने विचारलं नाही. सासूबाईंनी ते केव्हाच सांगून ठेवलं होतं.

पारनेरजवळच्या माळावर राधाकृष्ण आणि सत्यशीला हे नवरा-बायको कृषी पर्यटन केंद्र चालवत. हुरडा काय, चुलीवरची भाकरी काय, आता दर दोन कोसांवर मिळते. पुण्याची माणसं इथवर यायची ती पोहण्याच्या तलावासाठी. त्या तलावाचं पाणी खेळतं ठेवणारी मोटार ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रुसली होती. तिचं रुसणंही अजब. पाहुणे दिवसभर डुंबत असले तरी ती बिनतक्रार चाले. मधल्या वारी, सामसूम असताना, एकटी राजनंदिनी उतरली की हटकून बंद. पारनेरचा मेकॅनिक कानिफनाथ येई, बटण दाबे आणि बाईसाहेब लगेच चालू. डॉक्टर दारात दिसला की ताप उतरावा, त्यातली गत.

सासूबाई रंगुबाई मात्र कोड्यात नव्हत्या. तलाव खणताना जेसीबीवाल्याने जुन्या विहिरीजवळचे आसरांचे सात दगड उचलून कुंपणाला लोटले होते. पाण्यातल्या साती बहिणींना बेघर करायचं आणि वर त्यांनी गप्प बसायचं, हे कुठल्या न्यायात बसतं, असा त्यांचा सवाल होता. नातीचा तळहात त्यांनी उजेडात धरून नीट न्याहाळला.

"बांगडीची खूण हाय ही," त्या म्हणाल्या. "आसरेनं हात धरलाय पोरीचा."

सत्यशीला बारावी शिकलेली. तिला हे पटत नव्हतं, पण लेकरू एकुलतं एक होतं. तिने पोरीचं पाण्यात उतरणं बंद केलं. राजनंदिनीचा जीव पाण्यात. तिने जेवणावर राग काढला, मग आईशी बोलणंच टाकलं. सत्यशीला आतून पार घाबरून गेली होती. तलाव बुजवून टाका म्हणावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

राधाकृष्णला घाबरायला सवड नव्हती. रविवारी शाळेची सहल येणार होती आणि तलावासाठी नवी मोटार घ्यायची तर हंगामाची कमाई तिच्यातच गेली असती. त्याला एकदम आटलेल्या विहिरीवरची पाच हॉर्सची मोटार आठवली.

"पडूनच हाय की," तो म्हणाला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला?"

कानिफनाथचा जन्म विहिरींच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. त्याला ही युक्ती ताबडतोब पटली. तलावाच्या तळाशी मोटार पाणी ओढते त्या भोकावरची जाळी फुटलीय, तेवढी बदलू, असं तो म्हणाला. ते सहलीनंतर बघू, असं राधाकृष्णने सांगितलं. तलावाची जुनी मोटार कानिफनाथच्या टेम्पोत गेली आणि विहिरीची मोटार तलावावर आली.

रंगुबाई हरखून गेल्या. आसरांच्या विहिरीची मोटार आसरांकडेच आली होती. त्यांनी सातही दगड आणवून तलावाच्या कडेला मांडले, शेंदूर लावला, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. ओटी सत्यशीलेने स्वतः भरली. हिरवा खण आणि हिरव्या बांगड्या ठेवताना तिला रडू आवरेना. माझ्या पोरीला सोडा, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मोटार चालू झाली ती गर्जत. वावरंच्या वावरं भिजवलेली मोटार ती. तलाव म्हणजे तिला चूळ भरण्याइतकं काम. तळातून ओढलेल्या पाण्याची मनगटाएवढी धार समोरच्या नळातून तलावात कोसळू लागली. मोटार संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. सत्यशीलेला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

राजनंदिनी त्याच दुपारी पोहण्याचे कपडे घालूनच समोर आली. आईने सासूबाईंकडे पाहिलं. रंगुबाईंनी नातीच्या कपाळाला अंगारा लावला.

"जा बाळा. खाली तुझा हात धरत्यात ना, तिथंच एकदा डोकं टेकवून ये. आता त्या रागवायच्या न्हाईत."

"जा," सत्यशीलाही म्हणाली. पोरीने आईला मिठी मारली आणि वेण्या उडवत पळाली. तिने सूर मारला तेव्हा पाणी ओसरीपर्यंत उडालं. सत्यशीला हसली आणि तांदळाचं ताट मांडीवर घेऊन निवडायला बसली.

तेवढ्यात कानिफनाथचा फोन आला. राधाकृष्ण उचलत नाही म्हणून वहिनींना केला, असं तो म्हणाला. विहिरीच्या मोटारीचं कसं काय, असं त्याने विचारलं. एकदम झकास, काल बसवल्यापासून एकदाही थांबली नाही, असं तिने सांगितलं.

"तलावाची जुनी मात्र भंगारात देऊ नका, वहिनी. मी ती आख्खी खोलून बघितली. तिच्यात कायबी बिघाड न्हाई."

"मग बंद का पडायची?"

"ती बसवून गेलेल्या पुन्याच्या मानसाला इचारलं. तलावाच्या मोटारीत तशी सोयच असती म्हनं. तळाच्या भोकावर काही चिकटून बसलं, पानी ओढायचं थांबलं, की ती आपली आपन बंद पडती. मग चिकटलेलं सुटतं. आपल्या विहिरीच्या मोटारीला तसलं काही नसतं."

सत्यशीलेने मान वळवली. मोटार जोरात चालू होती. नळातून तलावात पडणारी धार मात्र थांबली होती.