बाहेरच्या माणसाचा सल्ला

बिस्किटांच्या कारखान्याचे मालक फोनवर एवढंच म्हणाले, की पुढच्या वर्षाच्या कराराचं शुक्रवारी कळवतो. मग त्यांनी फोन ठेवला. सल्लागारबाई थोडा वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. ‘कळवतो’ म्हणणारे मालक पुढे काही कळवत नाहीत, हे त्यांना सहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

बाईंचा धंदा सल्ला देण्याचा. कुणाचा कारखाना रखडला, कुणाच्या दुकानात माल पडून राहिला, की बाईंना बोलावणं यायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी हे काम सुरू केलं, तेव्हा सासरे रोज विचारायचे, की सगळं खरं, पण तू विकतेस काय? आता दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि दारावर पितळी पाटी होती. बिस्किटवाले गेले, तर पाटी तेवढी उरणार होती.

त्यांची पद्धत साधी होती. मालकाशी दहा मिनिटं बोलायचं आणि मग दोन दिवस कामगारांत बसायचं. भट्टीवरचा माणूस, पॅकिंगच्या बायका, फाटकावरचा म्हातारा. दुखणं कुठे आहे हे या मंडळींना बरोबर माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. बाई विचारायच्या. मग सगळ्यांना एकत्र जमवून, मालकाला पहिल्या रांगेत बसवून, त्याच्या चुका पडद्यावर दाखवायच्या. कामगार टाळ्या वाजवायचे. मालकही वाजवायचा, जरा हळू.

एवढं चोख काम, पण एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नव्हतं. बिस्किटवाल्यांचा अहवाल मागच्याच आठवड्यात असा वाजतगाजत झाला होता.

बाहेरच्या टेबलावर बाईंची नणंद बसायची. बत्तीस वर्षांची बाई, पण घरात सगळे छकुली म्हणायचे म्हणून ऑफिसातही ती छकुलीच. फोन घ्यायचे, अहवाल टाइप करायचे, चहा करायचा, ही तिची कामं.

“वहिनी, बिस्किटवाल्यांचं एक बोलू का?”

“बोल ना. आधी ती निळी फाईल आण.”

फाईल आली, बोलणं राहिलं. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

हल्ली मात्र छकुलीचं लक्ष ठिकाणावर नसायचं. जेवणाच्या सुट्टीत ती कुठेतरी गायब व्हायची, फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलायची. बाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, की तुमच्या बहिणीचं कुठेतरी जमतंय. नवरा म्हणाला, जमू दे एकदाचं.

बिस्किटवाल्यांचा फोन आला त्याच दिवशीच्या टपालात एक पत्रक होतं. सल्लागारांना सल्ला देणारी एक नवी संस्था निघाली होती. बाई आधी हसल्या. मग त्यांनी दाराबाहेर कुणी ऐकत नाही ना हे पाहून त्या संस्थेला फोन लावला. आपलं चुकतं ते आपल्याला दिसत नाही, त्याला बाहेरचं माणूस लागतं, हे तर त्या स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेकडून एक निवृत्त मुख्याध्यापक आले. दोन दिवस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते सगळं बघत राहिले. छकुली चहा घेऊन आली, की अर्धवट उठून उभे राहायचे. हे जुन्या वळणाचं वागणं बाईंना फार आवडलं.

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापकांनी बाईंपुढे एकच कागद ठेवला, आणि त्याआधी आठवणीने दार लावून घेतलं.

कागदावर लिहिलं होतं, की तुम्ही चूक बरोबर शोधता, पण ती मालकाला त्याच्याच माणसांसमोर सांगता. ज्याने आपल्याला चारचौघांत खाली बघायला लावलं, त्याला कुणी पुन्हा बोलावत नाही. आधी दार लावून एकट्या मालकाला सांगा. कामगारांना त्याचं तो सांगेल. बिस्किटवाल्यांकडे आजच जा, आणि पहिल्यांदा माफी मागा.

बाईंचे कान तापले. मग त्यांच्या लक्षात आलं, की दार लावलेलं आहे, आपले तापलेले कान कुणालाच दिसलेले नाहीत. त्या उठल्या आणि तडक कारखान्यात गेल्या.

बिस्किटवाले म्हणाले, की त्या दिवसापासून फाटकावरचा म्हातारासुद्धा मला बघून गालात हसतो. बाईंनी मनापासून माफी मागितली. शुक्रवारी दुपारी सही केलेला करार घरपोच, म्हणजे ऑफिसपोच आला.

बाईंनी मुख्याध्यापकांना लगेच बोलावून घेतलं. बिस्किटवाल्यांच्या सभेला तर ते नव्हतेच, म्हणून त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. हे डोकं कुणाचं?

“आमच्या मॅडमचं. संस्था त्यांची,” मुख्याध्यापक म्हणाले. “मी आपला निरोप्या. त्या सांगतात, मी लिहून घेतो.”

“मला त्यांना भागीदार करून घ्यायचंय. त्या म्हणतील तसं ऑफिस चालवू. भेट घालून द्या.”

“त्या तयार होतील असं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, मी समोर उभी राहून सांगितलं की लोक ऐकत नाहीत.”

“कमाल आहे,” बाई म्हणाल्या. “इतक्या हुशार बाईचं ऐकत नाहीत? कोण आहेत हे लोक?”

तेवढ्यात दार किलकिलं करून छकुलीने डोकं आत घातलं.

“वहिनी, एक बोलू?”

“नंतर गं, छकुले. महत्त्वाचं चाललंय.”

दार हलकेच बंद झालं. बाई पुन्हा मुख्याध्यापकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, की त्यांना माझा शब्द सांगा, मी त्यांचं अक्षर न् अक्षर ऐकेन, फक्त एकदा समोर आणा.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, उठून दार पूर्ण उघडलं, आणि बाहेरच्या टेबलाकडे बघत अदबीने म्हणाले, “मॅडम, या आत. आता ऐकतील.”