सकाळचे दोन तास

मदतनीस द्यायचा की नाही ते ठरवायला सरकारी पाहणीच्या बाई यायच्या होत्या, म्हणून ताईनं घर इतकं लख्ख केलं होतं, की या घराला कुणाची मदत हवी आहे असं वाटूच नये. चुकलं ते इथेच. भाऊ चाकांच्या खुर्चीत, कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. बटणं आपली आपणच लावायची हा त्याचा हट्ट; त्यासाठी तो चहाच्याही आधीपासून खपत होता.

बाईंनी फॉर्म काढला आणि ताईला विचारलं, यांना ऐकू येतं का. ऐकू येतं, असं भावानंच सांगितलं. पाय चालत नाहीत आणि हात लहर आली तर चालतात. बाई ओशाळल्या. पुढचा प्रश्न त्यांनी पुन्हा ताईलाच विचारला.

शर्टाची बटणं लावता येतात का? भाऊ ऐटीत 'हो' म्हणाला. फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' एवढ्या दोनच चौकटी होत्या. आंघोळ कोण घालतं? ताई. त्रास होतो का? छे, सख्ख्या भावाचा कसला त्रास. नऊ वर्षांत ताई एकदाही आजारी पडली नव्हती. सवड झाली नव्हती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. तुमचं छान चाललंय, म्हणाल्या. मदतनीस मिळतो तो ज्यांचं अडतं त्यांना.

ताई चहा ठेवायला उठली.

"बस गं जरा," भाऊ म्हणाला. "बाई, टोपण काढा. बटणांना पाऊण तास लागतो, तेवढं लिहा. आणि आंघोळीला मला माणूस हवाय."

"अहो, पण ताई करतात की. किती मायेनं करतात."

"म्हणून तर. जिच्या हातून रोज आंघोळ करायची, तिच्याशी भांडता येत नाही हो. नऊ वर्षं मी शहाण्यासारखा वागतोय. वीट आलाय."

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. भांडणासाठी चौकट नव्हती. मग त्यांनी ताईला विचारलं, तुम्हाला काय हवंय.

"एकदा ताप यावा," ती म्हणाली. "दोन दिवस. नुसतं पडून राहायचं."

बाईंनी 'हो'वर काट मारली आणि समासात बारीक अक्षरात खूप काही लिहिलं. मग भावाकडे बघून सांगितलं, सोमवारपासून रोज सकाळी दोन तास. माणूस तुम्ही बघून ठरवायचा.

त्या दारात चपला घालत होत्या, तेव्हा आतून भावाचा आवाज आला.

"ताई, तुझी भाजी खारट होते."

"काल झाली असेल थोडी."

"काल नाही. नऊ वर्षं."

मग एक पातेलं आदळलं.

"मग इतकी वर्षं गिळत काय होतास, मेल्या?"

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं.