दाराला टेकवलेली काठी

ग्लाफिराने काठी बाहेरून दाराला तिरकी टेकवली आणि धावतच घराच्या मागे गेली. म्हणजे पंचाहत्तरीची बाई जेवढं धावते तेवढं. गोठ्याच्या दारातून ती आत शिरली आणि आतून कडी घातली. चूल तिने आधीच विझवली होती. धुराड्यातून धूर नाही, दाराला काठी. आता येईल त्याने खुशाल समजावं, घरात कोणी नाही.

त्या जिल्ह्यात दाराला कुलूप घालायची रीतच नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला गावं उरली होती कितीशी, आणि त्यांत माणसं तरी किती! घरचं माणूस बाहेर गेलं की दाराला काठी टेकवायची, बस. काठी दिसली की आलेला हाकसुद्धा न मारता आल्या पावली परत फिरायचा. क्रुतिये गावात तर आता बाकी सगळ्याच दारांना काठ्या होत्या. धूर फक्त ग्लाफिराच्या घरातून निघायचा.

सकाळी पावाची गाडी घेऊन वितालिक आला, तो बातमी घेऊनच.

"आजी, तुरुंगातून एकजण पळालाय. शहरातला आहे म्हणे, खुनी. चल, बस गाडीत, तुला ओसिनोव्काला तुझ्या भाच्याकडे, सावेलीकडे सोडतो."

"आणि माझ्या कोंबड्यांना दाणे तू घालशील? जा बाबा, तुझे पाव गोठतील."

मोठ्या तोऱ्यात म्हणाली खरी. पण गाडी वळणाआड गेली आणि तोरा पार उतरला. जंगल रोजचंच, बर्फ रोजचाच, तरी तिला प्रत्येक झाडाआड माणूस दिसायला लागला. कशाला नाही म्हणाले मी, मेल्या कोंबड्यांसाठी? दुपार कलायला लागली तशी तिला ही काठीची युक्ती सुचली.

आता ती फळ्यांखालच्या तळघरात बटाट्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. तेवढ्यात वर बर्फ करकरला.

पावलं. कुंपणापासून थेट दारापर्यंत.

तिने शालीचं टोक तोंडात कोंबलं. पावलं दाराशी थांबली. बराच वेळ काहीच नाही. माणूस नुसता उभा होता. देवा, नको रे, असं मरण नको. मग पावलं वळली, करकरत लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

"वाचले गं बाई!" तिने छातीवर क्रूस काढला. भीती ओसरली तसं तिला चक्क हसू आलं. एवढा खुनी म्हणे, आणि एका काठीला फसला!

हसता हसता ती थांबली. शहरातल्या खुन्याला काठीचं काय कळणार? त्याने ती लाथेने उडवली असती आणि आत आला असता.

ती कशीबशी वर चढली. खिडकीच्या काचेवरचं हिव नखांनी खरवडून तिने बाहेर पाहिलं. कुंपणापाशी शिकाऱ्यांच्या रुंद स्कीच्या खुणा होत्या आणि त्यांच्यामागे घसरगाडी ओढल्याची खूण. अगं बाई, हा तर सावेली! वितालिकने त्याला सांगितलं असणार. मावशीला एवढ्या बर्फातून चालवणार नाही म्हणून बिचारा घसरगाडी ओढत आला. काठी पाहिली, दुसऱ्या कुणीतरी नेलं असेल म्हणाला असेल, आणि निर्धास्त परत गेला.

तिने धाडकन दार उघडलं. काठी बर्फात पडली.

"सावेली! अरे सावेल्या! मी घरातच आहे रे!"

घसा फाटेस्तोवर ती ओरडली. वारा समोरून होता. गोठलेल्या नदीवर लांब एक काळा ठिपका चालला होता. तो वळला नाही. बघता बघता पलीकडच्या झाडीत शिरला.

तिने पुन्हा तोंड उघडलं, तोच अंगणातल्या न्हाणीघराच्या मागून कोणीतरी पुढे आलं. अंगाभोवती पोती गुंडाळलेली, ओठ निळे पडलेले.

"गेला तो, आजी," तो हळूच म्हणाला. "आता दार उघडलंच आहेस, तर चल आत."